तक्ता भरला, पण कधी?

बजाजनगरच्या आमच्या विहारात रविवारची वंदना आटोपली की बायका लगेच घरी जात नाहीत. कुणाला बीपीच्या गोळीचं विचारायचं असतं, कुणाला लेकीच्या पाळीचं. मी पूर्वी नर्स होते हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे पायऱ्यांवर माझी छोटी ओपीडीच भरते. मागच्या महिन्यात रांजणगाव शेणपुंजीहून येणारी एक बाळंतीण आली. बाळ सासूच्या मांडीवर होतं. विम्याच्या क्लेमसाठी तिने दवाखान्यातून फाईलीची झेरॉक्स काढली होती. त्यातला एक कागद तिने माझ्यापुढे धरला. "ताई, हा ग्राफ कशाचा हो? माझं नाव आहे वर म्हणून विचारते."

तो पार्टोग्राफ होता. कळा सुरू झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा हिशेब ठेवायचा तक्ता. मी चष्मा लावून पाहिलं आणि थोडा वेळ काहीच बोलले नाही. सगळ्या नोंदी एकाच हाताने, एकाच बैठकीत केलेल्या. बाळाचे ठोके सलग सहा तास १४०. कुठल्याही बाळाचे ठोके सहा तास एका आकड्यावर थांबत नाहीत. पिशवीचं तोंड उघडत गेल्याच्या फुल्या पट्टीने आखल्यासारख्या रेघेवर. बाळ सुखरूप होतं, आईही. पण तो तक्ता बाळंतपण झाल्यावर भरलेला होता.

मला हे एका नजरेत कळलं, कारण असे तक्ते मी स्वतः भरलेले आहेत.

भगिनींनो, हा कागद वाचायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पिशवीचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलं आणि कळा नियमित झाल्या की तो सुरू करायचा. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, कळा आणि बाईची नाडी लिहायची. दर चार तासांनी आतून तपासणी आणि बीपी. तक्त्यावर दोन तिरक्या रेघा छापलेल्या असतात. पहिली सावध करणारी, तासाला एक सेंटिमीटर या वेगाने वर चढणारी. दुसरी तिच्या उजवीकडे, चार तासांचं अंतर सोडून, कृतीची. बाईची फुली पहिल्या रेघेच्या उजवीकडे गेली की लहान दवाखान्यातल्या नर्सने तिला मोठ्या दवाखान्यात हलवायची तयारी करायची. फुलीने दुसरी रेघ गाठली की वाट पाहणं संपलं.

मधले ते चार तास कशासाठी ठेवले, हे आम्हाला डिप्लोमाला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते पुढे वाचलं. हा तक्ता या रूपात आला तो १९७२ मध्ये, आजच्या झिम्बाब्वेतून. तेव्हा त्या देशाचं नाव ऱ्होडेशिया होतं आणि राज्य मूठभर गोऱ्यांचं होतं. काळ्या बायकांची बाळंतपणं दूरदूरच्या छोट्या दवाखान्यांत, डॉक्टरविना, सुईणींच्या हातून व्हायची. फिल्पॉट आणि कॅसल या दोघांनी फ्रीडमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या जुन्या आलेखावर या दोन रेघा ओढल्या. अंतर ठेवलं ते दूरच्या दवाखान्यातून बाईला शहरातल्या रुग्णालयात पोचवायला वेळ मिळावा म्हणून. म्हणजे जिथे डॉक्टर नाही तिथल्या सुईणीने कुणाची परवानगी न मागता, कागदाच्या आधारावर म्हणावं, "हिला आता हलवा." पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० आणि ९१ मध्ये इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडमधल्या ३५ हजारांवर बायकांवर हा तक्ता तपासला. अठरा तासांहून जास्त लांबणारी बाळंतपणं ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आली.

तर नर्सला निर्णय घेता यावा म्हणून जन्मलेला हा कागद. आपल्याकडे त्याचं काय झालं, ते माझ्याच एका रात्रीवरून सांगते.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातलं एक ग्रामीण रुग्णालय, नाव लिहीत नाही. मी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. नाईटला लेबर रूममध्ये मी एकटी आणि एक मावशी. टेबलावर तीन बायका. त्यातली एक पहिलटकरीण, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, सोबत आई. रात्री ९ ला तोंड ४ सेंटिमीटर. १ वाजता तपासलं तर ६. पाहिजे होतं ८. पहिली रेघ ओलांडली होती. तक्ता मी भरलेला नव्हता, पण आकडे तळहातावर पेनाने लिहिलेले होते आणि रेघ मला डोळ्यांपुढे दिसत होती. मी क्वार्टरवर फोन केला. उत्तर आलं, "पहिलटकरीण आहे, वेळ लागणारच. सकाळी बघू." रेफरच्या चिठ्ठीवर सही डॉक्टरांची लागते. माझ्या सहीवर रुग्णवाहिकाही हलत नव्हती. ५ वाजता तोंड ७, ठोके १०० च्या आसपास. पुन्हा फोन. डॉक्टर आले तोवर उजाडलं होतं. सव्वासातला बाळ झालं ते रडलं नाही. अँबू बॅगने श्वास दिला, जिल्ह्याला पाठवलं. तिसऱ्या दिवशी गेलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळच्या पुढच्या तासाचं. ड्युटी संपायच्या आत फाईल "पूर्ण" करायला सांगण्यात आलं. मी खुर्चीत बसले आणि तक्ता भरला. ९ ला ४, १ ला ८, ३ ला १०. फुल्या रेघेवर. ठोके १४०, १४२, १३८. मी निदान आकडे बदलते ठेवले, एवढाच काय तो माझा प्रामाणिकपणा. उद्या कुणी ती फाईल उघडली तर त्याला दिसेल की बाळंतपण अगदी पुस्तकाप्रमाणे झालं आणि बाळ उगीचच गेलं. तिच्या आईने मला दारात विचारलं, "सिस्टर, लेकरू कशानं गेलं ओ?" मी म्हणाले, "नशीब, आक्का."

ज्या घरात मी वाढले तिथे नशीब हा शब्द कुणी उच्चारला तर वडील जेवणावरून उठायचे. मला कारण माहीत होतं, वेळेसकट माहीत होतं, आणि मी त्या माउलीला नशीब सांगितलं. नोकरी सोडायला मला पुढे चार वर्षं लागली. कारणं बरीच होती, पण सुरुवात त्या दारात झाली.

आता कुणी म्हणेल, बाई आळशी होती, तक्ता वेळेवर का भरला नाही? त्याचा हिशेब सोपा आहे. कळा मोजायच्या म्हणजे पोटावर हात ठेवून दहा मिनिटं बसायचं. ठोके पूर्ण एक मिनिट ऐकायचे. म्हणजे एका बाईला अकरा मिनिटं, तीन बायकांना तेहेतीस. आणि हे करायचं दर अर्ध्या तासाला, म्हणजे तीस मिनिटांत! सलाईन, इंजेक्शन, नवी ॲडमिशन, झालेल्या बाळाला पुसणं, वार पडायची वाट पाहणं, हे सगळं त्या उणे तीन मिनिटांत. तेव्हा तक्ता मागून भरला जातो. तो भरला की तपासणीत गुण मिळतात, न भरला तर मेमो. खरा भरला आणि रेघ ओलांडलेली दिसली तर "मग तू काय केलंस?" हा प्रश्न नर्सलाच. म्हणून रेघेवर चालणारी फुली सगळ्यांनाच सोयीची.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'लक्ष्य' कार्यक्रम आणला. सरकारी प्रसूतिगृहांचा दर्जा तपासून प्रमाणपत्र द्यायचा. त्याने टेबलं, पडदे, हात धुवायची जागा, बाळ गरम ठेवायचं यंत्र यांत खरोखर फरक पडला, हे मी नाकारणार नाही. तक्ता वेळच्या वेळी भरा, सोबतीला बाई ठेवू द्या, सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट वापरा, हेही त्यात आहे.

त्या चेकलिस्टची कहाणी आपण नीट ऐकायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी २९ गोष्टींची. चार वेळा थांबून पाहायची: भरती करताना, बाळ बाहेर येण्याआधी, झाल्यावर तासाभरात आणि घरी सोडताना. २०१० मध्ये कर्नाटकातल्या एका उपजिल्हा पातळीवरच्या प्रसूतिगृहात ती प्रथम आजमावली. आधी सरासरी २९ पैकी १० गोष्टी केल्या जात होत्या, नंतर २५. सगळे आनंदले. मग उत्तर प्रदेशात २४ जिल्ह्यांतल्या १२० दवाखान्यांत मोठा प्रयोग झाला, दीड लाखाहून जास्त बाळंतपणांचा. नर्सना शिकवायला, पाठीशी उभं राहायला माणसं दिली. दोन महिन्यांनी त्या दवाखान्यांत ७३ टक्के गोष्टी केल्या जात होत्या, इतर ठिकाणी ४२ टक्के. पण माता आणि बाळांचे मृत्यू आणि गंभीर दुखणी? एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३. काही फरक नाही.

डॉक्टर मंडळी यावरून म्हणतात की चेकलिस्ट निरुपयोगी. मला तसं वाटत नाही. नर्सने यादीप्रमाणे ओळखलं की बाईला झटके येणार आहेत. पुढे काय? औषध कपाटात आहे का, किल्ली कुणाकडे आहे, गाडी आहे का, वरच्या दवाखान्यात रक्त आहे का. या प्रश्नांना यादीत चौकोन नाही. ओळखणं नर्सकडे आणि करणं दुसऱ्याकडे, असं असेल तिथे कागद कितीही चांगला असला तरी तो नुसता साक्षीदार राहतो.

याउलट काय चालतं त्याचं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात एएनएम भगिनींनी एक काम केलं. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बायकांना, बाळ झाल्याबरोबर, रक्तस्राव थांबवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. १६२० बायका होत्या, काहींना खऱ्या गोळ्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या साध्या. जास्त रक्त जाण्याचं प्रमाण साध्या गोळ्यांत १२ टक्के होतं, खऱ्या गोळ्यांत ६.४. डॉक्टर नव्हता. औषध एएनएमच्या पिशवीत होतं आणि द्यायचा अधिकारही तिचाच.

त्याच कामात आणखी एक साधी वस्तू वापरली गेली. बाईच्या खाली पसरायचं प्लास्टिक, टोकाला पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. किती रक्त गेलं ते डोळ्याने न ठरवता थेट वाचायचं. आम्ही काय करायचो? चादर किती भिजली ते पाहून "नॉर्मल" लिहायचो. नागपूरच्या डॉ. अर्चना पटेल आणि बेळगावच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की डोळ्याचा अंदाज खऱ्या मापापेक्षा सुमारे तेहेतीस टक्के कमी येतो. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच आठ आहे तिच्या बाबतीत ही चूक जीवघेणी.

हीच मापाची पिशवी पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात वापरली. २०२३ मध्ये निकाल आला. दोन लाखांहून जास्त बाळंतपणं. अति रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ वर. पिशवीबरोबर सुईणींना सांगितलं होतं की रेघ गाठली की कुणाची वाट पाहू नका. पिशवी चोळा, ऑक्सिटोसिन द्या, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्या, सलाईन लावा, कुठून रक्त येतंय ते पाहा, हे सगळं एका दमात करा. औषधं एका डब्यात, टेबलाजवळ. इथेही एक रेघच आहे. पण या रेघेशी हात बांधलेले नाहीत, मोकळे सोडलेले आहेत.

आपल्या सरकारनेही प्रशिक्षित एएनएम आणि स्टाफ नर्सला काही औषधांचा पहिला डोस स्वतः द्यायची मुभा दिलेली आहे, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट धरून. एकवीस दिवसांच्या प्रशिक्षणात ते शिकवतातही. पण किती सिस्टर फोन न करता तो डोस देतात? एखादीने दिला आणि बाईला काही झालं तर तिच्या पाठीशी कोण उभं राहतं? कागदावरची मुभा आणि ड्युटीवरची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ मध्ये केंद्राने अठरा महिने शिकवून खास मिडवाइफ तयार करायचं ठरवलं, सरळ बाळंतपणं त्यांनीच सांभाळायची म्हणून. मला या गोष्टीकडून फार आशा आहे. मात्र त्या बाईला सहीचा अधिकार मिळणार नसेल तर तीही अठरा महिने जास्त शिकलेली फोन लावणारी होईल.

आता तक्ताही बदलला आहे. डिसेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पार्टोग्राफच्या जागी 'लेबर केअर गाइड' आणलं. तासाला एक सेंटिमीटर हा नियम प्रत्येक बाईला लागू नाही, हे त्यांनी मान्य केलं. नवा तक्ता ५ सेंटिमीटरपासून सुरू होतो आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी मुदत देतो: ५ वर सहा तास, ६ वर पाच, ७ वर तीन. हे आपल्या बजाजनगरसाठी महत्त्वाचं आहे, कारण इथे बायकांचे दोन प्रकार होतात. ज्यांच्याकडे कंपनीचा विमा आहे त्यांचं "हळू चाललंय" म्हणून लवकर सिझर. ज्या ठेकेदाराकडे रोजावर आहेत, हातात कार्ड नाही, त्यांना "वेळ लागणारच" म्हणून ताटकळत ठेवलं जातं. एकीला घाई, दुसरीला उशीर, आणि दोन्ही फाईलींत रेघेवरची फुली. नवा तक्ता भारतातल्या चार रुग्णालयांत, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या सहभागाने तपासला गेला. साध्या पहिलटकरणींत सिझरचं प्रमाण ४५.२ टक्क्यांवरून ३९.७ झालं. संशोधक सांगतात की हा फरक पक्का मानता येत नाही. मीही पक्का मानत नाही, पण दिशा बरी वाटते.

मला त्यात जास्त आवडलं ते वेगळंच. त्या तक्त्याच्या सुरुवातीलाच चार ओळी आहेत: बाईसोबत तिचं माणूस आहे का, दुखणं कमी करायला काही दिलं का, पाणी प्यायला मिळतंय का, ती उठून चालते-बसते की आडवी पाडून ठेवली आहे. उत्तर "नाही" असेल तर ते ठोके कमी झाल्यासारखंच धोक्याचं म्हणून गोल करायचं. लेबर रूममध्ये आपल्या बायकांना काय ऐकावं लागतं, मांडीवर चापट कशी बसते, हे मी या पानावर पुन्हा सांगत नाही. आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत आहे. तिला पाणी मिळालं नाही ही गोष्ट वैद्यकीय कागदावर धोका म्हणून लिहायची, एवढं तरी कुणाला तरी सुचलं.

मध्य प्रदेश आणि राजस्थानात तर नर्सच्या हातात टॅब्लेट देऊन पाहिले. आकडा भरला की टॅब्लेटच सांगतो, धोका आहे. आपल्याकडेही ते येईल. यावं. वेळ आपोआप नोंदली जात असेल तर माझ्यासारखीला सकाळी आठला रात्रीचे आकडे रचता येणार नाहीत. पण टॅब्लेट अकरा मिनिटं पोटावर हात ठेवून बसत नाही. नाईटला एका नर्सकडे तीन बायका आणि एक टॅब्लेट, यात चौथं ओझं तेवढं वाढतं.

म्हणून मागायचं असेल तर आपण टॅब्लेटच्या आधी हे मागू या. लेबर रूमला रात्री किमान दोन नर्स. कृतीची रेघ गाठली तर ड्युटीवरच्या नर्सच्या सहीवर रेफर आणि गाडी, डॉक्टरांना नंतर कळवलं तरी चालेल असं लेखी. आणि खरा तक्ता भरणाऱ्या नर्सवर त्या तक्त्यावरून कारवाई नाही. बाळ गेलं की चौकशीची सुरुवात "फोन किती वाजता झाला आणि कोण आलं नाही" इथून व्हावी. आमच्या संघटनांनी पगारासाठी, कायम होण्यासाठी मोर्चे काढले, तेही बरोबरच होतं. कंत्राटी बाई खरं लिहूच शकत नाही. पण या सहीसाठी आम्ही कधी उभ्या राहिलो नाही, ही आमची उणीव.

घरच्या माणसांनीही सिस्टरशी भांडू नये. ती एकटी असते. तिला नावाने हाक मारून शांतपणे विचारावं: शेवटची तपासणी किती वाजता झाली, तोंड किती उघडलंय, ठोके किती, पुढची तपासणी कधी. एका कागदावर वेळ घालून लिहून ठेवावं. चार तास झाले आणि कुणी आलं नाही तर पुन्हा विचारावं. इथून घाटी पंधराएक किलोमीटर. नगर नाका, छावणी, संध्याकाळची गर्दी, हे सगळं धरून निघायचं असतं. १०८ ला फोन करायला कुणाची सही लागत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषध, रक्त आणि ने-आण मोफत आहे, २०११ पासून. त्याचे पैसे कुणी मागितले तर पावती मागा.

त्या रविवारी त्या पोरीला मी तक्ता समजावून सांगितला. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग माझं खरं कसं झालं ते कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही, बाळ."

तिने झेरॉक्स उलटी केली, माझा पेन घेतला. दुपारी दोनला पहिली कळ, तेव्हा ती धुणं वाळत घालत होती. साडेचारला पाणी गेलं. सासू मध्येच म्हणाली, "साडेचार नाही, पाच. पोरं शिफ्टहून सुटली होती." तिने साडेचार खोडून पाच केलं आणि पुढे लिहू लागली.